पेट्रा : दगडी कलश आणि वाहतें पाणी

जगांतील कित्येक प्राचीन नगरें शत्रूंनीं जाळलीं, कांहीं नद्यांनीं गिळलीं, आणि कांहींच्या डोक्यावर नवीं शहरें उभीं राहिलीं. जॉर्डन देशाच्या दक्षिण भागांतील पेट्रा या नगराचें भाग्य निराळें. त्याचा मोठा भाग डोंगराच्या पोटांत कोरलेला होता, म्हणून तो ढांसळून नाहींसा झाला नाहीं. आणि तें नगर वाळवंटाच्या कडेला एका अरुंद खिंडीच्या आड वसलें होतें, म्हणून कित्येक शतकें दूरच्या जगाला त्याचा मार्गच ठाऊक नव्हता. आज तो मार्ग सर्वांस मोकळा आहे. अम्मान या राजधानींतून पहांटे निघालेली मोटार साधारण तीन तासांत वादी मूसा या गांवीं पोंचते. तेथें वाटाड्या मिळतो, प्रवासी दिवसभर लेणीं पाहतात, आणि रात्रीं परत मुक्कामाला जातात. परंतु एका दिवसांत पेट्रा पाहून होतें असें म्हणतांना नेमकें काय पाहून होतें, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्याचें उत्तर प्रवाशाच्या दृष्टीपेक्षां वाटाड्याचें बोट कोणीकडे वळतें यावरच अधिक अवलंबून असतें.

युरोपांतील वाचकांना ज्या भेटीमुळें पेट्राची ओळख झाली, ती भेटहि अशीच एका दिवसाची होती आणि तीहि वाटाड्याच्या सोबतीनेंच घडली. योहान लुडविग बुर्कहार्ट हा १७८४ सालीं स्वित्झर्लंडांत जन्मलेला तरुण. लंडन येथील आफ्रिकन असोसिएशन या संस्थेनें नायजर नदीच्या प्रदेशाचा शोध लावण्याकरितां त्याची नेमणूक केली होती. त्या कामाची पूर्वतयारी म्हणून तो सीरियांत राहिला, अरबी भाषा शिकला, आणि शेख इब्राहिम असें नांव धारण करून त्या देशाच्या वेषांत वावरूं लागला. १८१२ सालीं दमास्कसहून कैरोकडे जातांना त्याच्या कानांवर असें आलें कीं, वादी मूसा नांवाच्या दरींत मोठे प्राचीन अवशेष आहेत.

ते अवशेष पाहावयाचे आहेत असें उघडपणें सांगणें म्हणजे जिवावर बेतून घेण्यासारखें होतें. पडक्या इमारती पाहत फिरणारा परका माणूस हा गाडलेल्या धनाच्या शोधार्थ आलेला मांत्रिकच असला पाहिजे, अशी त्या भागांतील लोकांची समजूत होती. अशा मांत्रिकानें जागा नुसती डोळ्यांनीं पाहून ठेवली तरी पुरे. मग तो आपल्या देशीं बसून मंत्रबळानें तेथील द्रव्य ओढून घेतो, असें ते मानीत. म्हणून बुर्कहार्टनें नवसाची युक्ति काढली. दरीच्या पलीकडे एका उंच शिखरावर हारूनची कबर आहे. हारून हा मूसाचा, म्हणजे मोझेसचा, भाऊ. यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान या तिन्ही धर्मांत त्यास मान आहे. या कबरीच्या नांवानें बकरा कापण्याचा आपण नवस केला आहे, असें बुर्कहार्टनें सांगितलें. नवसाच्या आड कोण येणार?

२२ ऑगस्ट १८१२ रोजीं एल्जी या गांवांत त्यानें एक वाटाड्या ठरविला. आजच्या वादी मूसा गांवाचेंच हें जुनें नांव. वाटाड्याची मजुरी म्हणजे घोड्याच्या जुन्या नालांची एक जोडी. वाटाड्यानें बकरा स्वतः घेतला आणि पाण्याची पखाल पाहुण्याच्या खांद्यावर दिली. कारण पुढें दरींत पाण्याचा थेंब मिळणार नाहीं हें त्यास माहीत होतें. ही पखाल ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ज्या नगरांत एके काळीं बागा फुलत होत्या आणि तलाव भरलेले असत, त्या नगरांत शिरतांना पाणी पाठीवर वाहून न्यावें लागत होतें.

दोघे खिंडींतून आंत गेले. समोर प्रचंड कोरीव दर्शनी भिंत उभी राहिली. बुर्कहार्ट वाट सोडून पुनःपुन्हां बाजूला वळूं लागला, लेण्यांच्या आंत डोकावूं लागला, आणि वाटाड्याच्या मनांत संशय उत्पन्न झाला. शेवटीं त्यानें साफ बजाविलें कीं, हा पाहुणा नवसासाठीं आलेला नसून पूर्वजांच्या नगरींतला ठेवा काढण्यासाठीं आलेला आहे. मात्र तो ठेवा या भूमीचा असून त्यांतील कवडीहि बाहेर जाऊं दिली जाणार नाहीं. बुर्कहार्टनें अधिक चौकशी सोडून दिली. सूर्यास्ताच्या सुमारास हारूनच्या डोंगराच्या पायथ्याशीं, दुरून कबर दिसते अशा जागीं, बकरा कापला गेला आणि अंधारांतच ते दोघे परत फिरले. लपून केलेल्या टिपणांत मात्र बुर्कहार्टनें आपला तर्क नमूद केला. प्राचीन ग्रंथांत वर्णिलेलें पेट्रा तें हेंच असावें, असा तो तर्क होता आणि तो बरोबर ठरला. पुढें १८१७ सालीं, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, त्यास कैरो येथें मृत्यु आला. नायजरचा प्रवास घडलाच नाहीं. त्याचें प्रवासवर्णन १८२२ सालीं प्रसिद्ध झालें आणि त्यानंतर चित्रकार, विद्वान व हौशी प्रवासी यांची रीघ लागली.

त्या वाटाड्याच्या संशयाला हंसण्याचें कारण नाहीं. ठेव्याची कल्पना नगराच्या मुखाशींच कोरलेली आहे. ज्या दर्शनी भिंतीपुढें बुर्कहार्ट थबकला तिचें नांवच मुळीं ‘अल्-खझ्ना’, म्हणजे खजिना. मिसरच्या फॅरोनें आपलें द्रव्य येथें दडविलें अशी लोककथा होती. सुमारें एकशेंतीस फूट उंचीच्या या कोरीव कामाच्या माथ्यावर एक दगडी कलश आहे. त्यांतच तें द्रव्य असलें पाहिजे, असें ठरवून पिढ्यान् पिढ्या लोकांनीं त्यावर बंदुका झाडल्या. गोळ्यांच्या खुणा आजहि स्पष्ट दिसतात. कलश फुटून मोहरांचा पाऊस पडेल ही आशा मात्र व्यर्थ होती, कारण तो कलश आंतून पोकळ नसून भरीव वालुकाश्माचा आहे. खजिना म्हणून प्रसिद्ध असलेलें हें लेणें वास्तविक एक राजेशाही थडगें होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आगेमागें, बहुधा चौथा अरेटस या राजाच्या कारकीर्दींत, तें कोरलें गेलें. २००३ सालच्या उत्खननांत त्याच्या अंगणाखालीं आणखी दफनगृहें मिळालीं. २०२४ सालीं तेथेंच आणखी एक थडगें उघडण्यांत आलें आणि त्यांत बारा माणसांचे सांगाडे आढळले. सोनें कोठेंच निघालें नाहीं.

आजचा प्रवासी बुर्कहार्टच्याच वाटेनें आंत शिरतो. गांवाच्या खालच्या अंगास कांहीं वेळ चालल्यावर डोंगर एकाएकीं दुभंगलेला दिसतो. हीच ‘सीक्’ नांवाची खिंड. तिची लांबी सुमारें पाऊण मैल आहे. दोन्ही बाजूंचे तांबूस कडे दोनशें फुटांहून अधिक उंच चढले आहेत, आणि कांहीं ठिकाणीं वाट इतकी निमुळती कीं, दोन माणसांनीं हात पसरले तर दोन्ही भिंती हातीं लागाव्या. चालणाऱ्यांच्या नजरा साहजिकच वर लागलेल्या असतात. वाटाड्यांनाहि शेवटच्या वळणाची घाई असते, कारण तेथें अंधाऱ्या फटींतून अल्-खझ्नाची गुलाबी भिंत एकदम डोळ्यांसमोर येते. परंतु जो वाटाडा जाणता असतो तो मध्येंच थांबतो आणि भिंतीच्या खालच्या भागाकडे बोट दाखवितो. तेथें, हात पोंचेल अशा उंचीवर, खडकांत खोदलेला एक पाट खिंडीबरोबर वळणें घेत चालला आहे. समोरच्या भिंतींत तशीच दुसरी खोबण आहे, आणि तींत भाजलेल्या मातीच्या नळांचे तुकडे अजून बसलेले आहेत. कलशावर गोळ्या झाडणारे लोक ज्याच्या शेजारून गेले, तो पेट्राचा खरा खजिना हा होय.

हें नगर वसविणाऱ्या लोकांस नबाती असें म्हणतात. हे मूळचे अरब. उंट आणि मेंढरें पाळणारे भटके लोक. इसवी सनापूर्वीं ३१२ या वर्षीं अलेक्झांडरचा एक सेनापति अँटिगोनस यानें त्यांच्यावर स्वारी पाठविली. तिची हकीकत डायोडोरस या ग्रीक इतिहासकारानें दिली आहे. तो सांगतो कीं, या लोकांत धान्य पेरणें, फळझाडें लावणें, मद्य पिणें आणि घर बांधणें या चारहि गोष्टींस मनाई होती, आणि ती मोडणाऱ्यास देहान्ताची शिक्षा असे. ज्याच्याजवळ घरदार आहे त्यास बलवान् शत्रु सहज वांकवितो, असा त्यांतील हेतु. त्यांचें शस्त्र एकच होतें : पाण्याचें गुपित. ते जमिनींत टाकीं खणीत. टाक्याचें तोंड लहान, आंतला विस्तार मोठा. पावसाचें पाणी त्यांत भरून घेऊन तोंड बुजवून टाकीत, आणि ओळखीची खूण फक्त आपल्यापुरती ठेवीत. शत्रु मागें लागला म्हणजे ते वाळवंटांत शिरत. तेथें त्यांना पाणी मिळे. पाठलाग करणाराला तहान मिळे.

सुमारें तीनशें वर्षांनीं स्ट्रेबो या भूगोलकारानें याच लोकांचें वर्णन केलें, तेव्हां तें ओळखूंहि येऊं नये इतकें बदललें होतें. आतां नबाती लोक दगडी घरांतून राहत होते, त्यांचा राजा मेजवान्या देत होता, आणि त्यांच्या राजधानींत घरगुती वापरास आणि बागांसहि पुरेसें पाणी होतें. स्ट्रेबोच्या या वाक्याची साक्ष अलीकडच्या उत्खननांनीं दिली. नगराच्या मध्यभागीं, ज्यास मोठें मंदिर म्हणतात त्या इमारतीच्या शेजारीं, दीडशें फूट लांबीचा एक तलाव आणि त्याला लागून बाग असल्याचें आढळून आलें. त्या मंदिराच्या कांहीं खांबांच्या माथ्यांवर तर हत्तींचीं मस्तकें कोरलेलीं आहेत. वर्षांतून अवघे पांचसहा इंच पाऊस पडणाऱ्या प्रदेशांत भर गांवांत तलाव बांधणें, हेंच त्या काळचें खरें वैभव. दूरच्या व्यापाऱ्याला तो तलाव दिसला म्हणजे या राजाचें सामर्थ्य निराळें सांगावें लागत नसे.

हें सामर्थ्य कोठून आलें? त्याचा उगम नगराच्या पूर्वेस असलेल्या ‘ऐन मूसा’ म्हणजे मूसाचा झरा आणि आसपासचे दुसरे झरे यांत होता. तेथून पाटांनीं आणि नळांनीं पाणी आणलें गेलें. हें काम दिसतें तितकें सोपें नव्हे. उतार जास्त ठेवला तर पाणी वेगानें धांवतें आणि नळांचे सांधे उखडतें; उतार कमी ठेवला तर गाळ बसून नळ तुंबतो. नबाती कारागिरांनीं खडकाच्या वळणावळणानें तो मध्यम उतार साधला. नळाचे सांधे चुन्यानें बंद केले आणि गाळ बसण्याकरितां वाटेंत कुंडें ठेविलीं. शिवाय प्रत्येक घळीच्या तोंडाशीं बांध आणि डोंगराच्या कुशींत टाकीं खोदून पावसाचें पाणी अडविलें. अशीं दोनशेंहून अधिक टाकीं येथें सांपडलीं आहेत.

या पाण्याच्या बळावरच उंटांचे तांडे येथें येत आणि विसांवत. दक्षिण अरबस्तानांतील ऊद आणि बोळ हीं सुगंधी द्रव्यें पेट्रावरून भूमध्य समुद्रावरील गाझा बंदराकडे जात, आणि प्रत्येक मुक्कामाचा कर नबाती राजांच्या पदरीं पडे. या व्यापाराचा एक धागा थेट महाराष्ट्रापर्यंत येऊन पोंचतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथांत तांबड्या समुद्रावरील एका बंदराचा उल्लेख आहे. तेथून पेट्राला, नबाती राजा मलिकस याच्याकडे, वाट जाते असें त्यांत म्हटलें आहे. आणि त्याच लहानशा ग्रंथांत पुढें भडोच, सोपारा, कल्याण या बंदरांचीं आणि पैठण व तेर या पेठांचीं नांवें येतात. एकाच लेखणीनें एकाच प्रवासमार्गाच्या दोन टोकांची नोंद केली आहे.

पुढें व्यापार हळूहळू समुद्रमार्गाकडे वळला. इ. स. १०६ मध्यें रोमन बादशहा ट्राजन यानें नबाती राज्य खालसा केलें. त्यानंतरहि नगर नांदत होतें. परंतु १९ मे ३६३ रोजीं झालेल्या भूकंपानें त्याचा मोठा भाग जमीनदोस्त केला. पाट फुटले, नळ तुटले, आणि ते सर्व पूर्ववत् करण्याइतकें द्रव्य व माणूसबळ राहिलें नाहीं. १९९३ सालीं येथील एका ख्रिस्ती मंदिरांत जळून कोळसा झालेल्या सुमारें १४० गुंडाळ्या मिळाल्या. त्यांवरून सहाव्या शतकांतहि येथें घरें, शेतें आणि वारसाहक्क यांचे व्यवहार चालू होते असें दिसतें. त्यानंतर मात्र नगर ओस पडत गेलें. मोठ्या लढाईनें नव्हे, तर पाण्याची राखण करणारे हात कमी झाल्यानें तें संपलें असें म्हणणें सत्याला अधिक धरून होईल.

पाण्याची राखण म्हणजे केवळ पाणी आणणें नव्हे. तें अडविणेंहि होय. वाळवंटांतील पाऊस क्वचित् येतो, पण आला म्हणजे उघड्या खडकांवरून क्षणांत धांवत सुटतो. वादी मूसा ओढ्याची नैसर्गिक वाट सीक् खिंडींतूनच होती. म्हणून नबाती लोकांनीं खिंडीच्या तोंडाशीं धरण घातलें, शेजारच्या डोंगरांतून सुमारें तीनशें फूट लांबीचा बोगदा खोदला, आणि पुराचें पाणी दुसऱ्या घळींतून वळवून दिलें. त्या घळीस अरबींत ‘अंधारी’ अशा अर्थाचें नांव आहे. शतकानुशतकांच्या उपेक्षेनें हें धरण नाहींसें झालें. त्याची किंमत एप्रिल १९६३ मध्यें कळून आली. फ्रान्समधून आलेली यात्रेकरूंची एक तुकडी खिंडींत असतां वरच्या बाजूस पाऊस कोसळला आणि लोंढा आंत शिरला. वीसहून अधिक माणसें त्यांत मृत्युमुखीं पडलीं. त्यानंतर नवें धरण बांधण्यांत आलें, तें जुन्या धरणाच्याच जागीं. आणि पाणी वळविण्याकरितां नवा मार्ग शोधावा लागला नाहीं, दोन हजार वर्षांपूर्वींचा बोगदाच उपयोगीं पडला. आजहि हा प्रश्न संपलेला नाहीं. नोव्हेंबर २०१८ मधील पुराच्या वेळीं तीन हजारांहून अधिक प्रवाशांना पेट्रांतून सुखरूप बाहेर काढावें लागलें.

नगर ओस पडलें असें वर म्हटलें, तें एका अर्थानें पूर्ण खरें नाहीं. ‘बदूल’ नांवाची अरब जमात येथील लेण्यांतून राहत होती. शेळ्यामेंढ्या चारणें, थोडी शेती करणें आणि जुनीं नबाती टाकीं साफ करून तेथील पाणी वापरणें, हा त्यांचा जीवनक्रम होता. कोणत्या घळींत पाणी किती दिवस टिकतें, आभाळ कोणीकडून भरून आलें म्हणजे खिंड सोडावी, हें त्यांना पुस्तकावांचून माहीत होतें. १९८५ सालीं पेट्राचा जागतिक वारशाच्या यादींत समावेश झाला, आणि त्याच सुमारास या लोकांना लेण्यांतून हलवून जवळच्या उम्म सैहून या नव्या गांवीं वसविण्यांत आलें. या निर्णयाच्या दोन्ही बाजू समजून घेतल्या पाहिजेत. चुलींच्या धुरानें कोरीव भिंती काळ्या पडत होत्या आणि वाढत्या वर्दळींत अवशेषांचें रक्षण करणें अवश्य होतें. नव्या गांवांत शाळा, वीज आणि नळाचें पाणी मिळालें. परंतु घरें वाढविण्यास तेथें जागा अपुरी पडली, कळप कमी झाले, आणि डोंगरांत राहणारे लोक डोंगर दाखविणारे झाले. आज त्यांतील पुष्कळजण उंट व गाढवें भाड्यानें देतात किंवा लहानसहान वस्तु विकतात. त्यांच्यांतील एखादा वयस्क माणूस प्रवाशाला एक साधी गुहा दाखवून, येथें माझा जन्म झाला, असें सांगूं शकतो. कोणत्याहि मार्गदर्शक पुस्तकांत त्या गुहेला क्रमांक नसतो.

एका दिवसाच्या भेटींत एवढें सर्व पाहणें शक्य आहे काय? लेणीं सर्व पाहणें शक्य नाहीं. ‘अद्-देर’ या दूरच्या लेण्यापर्यंत आठशेंहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. हारूनच्या शिखराला तर स्वतंत्र दिवस हवा. परंतु नगर समजून घेण्यास दिवस पुरतो, जर तो दिवस योग्य क्रमानें घालविला तर. प्रथम खिंडीच्या तोंडाशीं थांबून धरण आणि बोगदा पाहावा. मग खिंडींत चालतांना पाटाची साथ सोडूं नये. तो पाट हळूहळू उतरत नगरांत कसा येतो, तलावाची जागा कोठें होती, आणि डोंगरावरील टाकीं कोणत्या उतारावर आहेत, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या राजेशाही थडग्यांचा अर्थ आपोआप उलगडतो. मेलेल्या राजांसाठीं एवढे कडे कोरण्यास ज्या जिवंत माणसांचे हात लागले, त्या माणसांची तहान कोणी भागविली, या प्रश्नाचें उत्तर त्या पाटांत आहे.

१८१२ सालच्या त्या वाटाड्यानें दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, या नगरांत ठेवा आहे आणि तो या भूमीचा आहे. दोन, खालीं दरींत पाणी नाहीं, म्हणून पखाल बरोबर घ्यावी. पहिल्या गोष्टीवर जगानें दोनशें वर्षें चर्चा केली, आणि दुसरी गोष्ट एका प्रवासवर्णनांतील किरकोळ तपशील म्हणून मागें पडली. वास्तविक त्या दोन गोष्टी एकच होत्या. कलशांतला ठेवा कोणाच्याहि हातीं लागला नाहीं, कारण तो नव्हताच. पाटांतला ठेवा मात्र ज्यांनीं राखला त्यांचें नगर उभें राहिलें, ज्यांच्या हातून तो सुटला त्यांचें नगर गेलें, आणि ज्यांना तो दिसला नाहीं त्यांपैकीं कांहींना १९६३ च्या त्या दुपारीं आपल्या प्राणांचें मोल द्यावें लागलें.